सुमिनाची आई

उकिरड्यावर राख होती, कसाव्याच्या कंदांच्या साली होत्या, फुटका डबा होता आणि त्या सगळ्याच्या मधोमध केळीच्या पानावर एक बाळ हातपाय झाडत पडलं होतं. उघडंनागडं, जेमतेम आठवड्याचं. एक शेळी मान खाली घालून त्याच्या पायाशी काहीतरी हुंगत होती.

पलीकडे पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांची पाठ बाळाकडे. गप्पा चाललेल्या, जणू नळावर पाण्याला आल्यात. एक तरुण बाई तेवढी वेगळी, पपईच्या झाडाला धरून, जमिनीकडे बघत उभी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेळीला हाकललं, बाळ उचललं आणि ओरडले, "कुणाचं आहे हे?"

एक म्हातारी सावकाश वळली. गावात तिला सगळे नाना म्हणत; तिकडे आजीला नाना म्हणतात. आमच्याकडचे नाना म्हणजे धोतरातले, तपकीर ओढणारे, त्यामुळे पहिले काही दिवस मला तिला हाक मारताना हसू यायचं. त्या सकाळी नाही आलं.

"कुणाचं नाही," ती म्हणाली. "केर आहे."

"केर? जिवंत पोर आहे हे! कुणाचं नाही ना? मग मी नेते."

"नेतेस?"

"नेते! आत्ताच्या आत्ता नेते. तुमची कुणाची लायकी नाही!" शेवटचं वाक्य रागाच्या भरात मराठीत गेलं. ते कुणाला कळलं नाही हे बरंच झालं, कारण पुढच्याच क्षणी सगळ्या बायका टाळ्या पिटायला लागल्या. कुणी आरोळी दिली, कुणी माझ्या मनगटाला पांढरी माती फासली. मी बाळाला छातीशी धरून वेड्यासारखी उभी. पपईच्या झाडापाशी उभ्या असलेल्या त्या बाईने तेवढी मान वर केली नाही.

ही हकीकत घानामधली, कुमासीच्या पलीकडे कोकोच्या बागांमध्ये दडलेल्या एका गावातली. मी प्रमिला खोत, सांगलीच्या एका दवाखान्यात बालविभागाची सिस्टर. एका संस्थेमार्फत वर्षभर बिनपगारी रजा टाकून तिकडे सेवेला गेले होते. घरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र भलतीच तोऱ्यात होते. तिकडच्या बायकांना चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवायच्या, पोरं वाचवायची आणि परत यायचं. तिकडे पोरं इतकी जातात की आयांना त्याची सवय होत असेल, असंही माझ्या मनात होतं. कुणी सांगितलं नव्हतं. होतं आपलं.

गावात पाऊल टाकल्यापासून पोरं माझ्यामागे "ओब्रोनी, ओब्रोनी" करत धावायची. ओब्रोनी म्हणजे परका, गोरा माणूस. सांगलीत माझ्या लग्नासाठी जेवढी स्थळं आली तेवढी रंगावरून परत गेली होती. इथे आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला गोरी म्हटलं. खरं सांगते, मला ते आवडायचं.

तर त्या सकाळी टाळ्या ऐकून कम्फर्ट धावत आली. कम्फर्ट म्हणजे तिथल्या आरोग्य केंद्राची नर्स, माझी साहेब आणि माझी मैत्रीण. जाडजूड, हसरी, जिभेला हाड नसलेली. माझ्या हातातलं बाळ आणि मनगटावरची, तिकडे नव्या आईला फासतात ती, माती बघून ती कंबरेवर हात ठेवून हसत सुटली.

"प्रमिला, काय करून बसलीस? आई झालीस की गं!"

"ह्या बायका पोर टाकून देतायत आणि तू हसतेस?"

"टाकून कुणी दिलंय? ती बघ आई." तिने ओठ पुढे काढून पपईच्या झाडाकडे खूण केली. "अफुआ तिचं नाव. आधीची तीन गेली. एक चालायला लागलं होतं. ह्या खेपेला नाना म्हणाली, मरणाला फसवायचं. हे पोर अफुआचं नाहीच, केरात पडलेलं, कुणालाही नको असलेलं आहे, असं दाखवायचं. मग कुणा परक्या बाईने ते उचलायचं. मरण येतं ते अफुआचं पोर शोधत. अफुआला पोरच नाही म्हटल्यावर ते जाईल आल्या वाटेने."

"परक्या बाईने म्हणजे?"

"उत्तरेकडून कोलाच्या बिया विकायला एक बाई येते, तिला सांगून ठेवलं होतं. पण तिच्या आधी तू आलीस. तुझ्याहून परकी कुठून आणणार?"

मी नानाकडे बघितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोर तुझं. पण तुला दूध कुठाय? ह्या बाईला आहे. हिच्याकडे ठेव पाजायला. फुकट नाही पाजणार ती. काहीतरी दे."

माझ्या पिशवीत हात धुवायच्या साबणाची वडी होती. ती मी काढून अफुआच्या हातावर ठेवली. कम्फर्टने कोपर मारलं म्हणून म्हणाले, "माझं पोर सांभाळ."

अफुआने बाळ घेतलं. पाव किलो वांगी घ्यावीत तसं घेतलं, काखेला मारलं आणि वळून चालायला लागली. चालता चालता तिने बाळाच्या पायाला लागलेली राख अंगठ्याने पुसली, ते मला मागून दिसलं.

नाव नानानेच ठेवलं. सुमिना. म्हणजे उकिरडा. मी नाक मुरडलं. संध्याकाळी भांडी घासता घासता एकदम आमच्या गल्लीतले कोंडिबा मामा आठवले. त्यांच्या आधीची भावंडं गेली म्हणून ह्यांना जन्मल्यावर सुपात घालून कोंड्याच्या मोलाने सुईणीकडून विकत घेतलं होतं. आमच्याच गल्लीत एक दगडू होता, दोन धोंडू होते. इतकी वर्षं मी त्यांना हाका मारत होते आणि एकदाही मनात आलं नव्हतं की त्या प्रत्येक नावामागे एक घाबरलेली आई उभी आहे. हे समजायला मला घानाच्या उकिरड्यापर्यंत जावं लागलं.

पण आमच्याकडे नाव ठेवलं की काम संपलं. कोंडिबा मामांची आई त्यांना मांडीवर घेऊनच बसे. इथे तसं नव्हतं. इथे नाटक रोज करायचं होतं.

गावाने मला ओब्रोनी म्हणणं सोडलं. मी "सुमिना मामे" झाले, सुमिनाची आई. वजनाच्या दिवशी अफुआ रांगेत यायची आणि बाळ माझ्यापुढे आदळल्यासारखं ठेवायची.

"घ्या तुमची लेक. रात्रभर झोपू दिलं नाही. काय ते तोंड, माकडाचं तरी बरं."

"वजन वाढलंय," मी म्हणायचे.

"वाढणारच. फुकटचं दूध."

मागच्या बायका हसायच्या. पोर खरं तर देखणं होतं. मोठाले डोळे, गालाला खळी, हसलं की अख्खं अंग हलायचं. अफुआ तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला सगळं कारण माहीत होतं, तरी आत शंका वळवळायचीच. नाटक ते किती? तीन मुलं पुरलेली बाई खरंच आतून थिजली असेल तर? एक दिवस केंद्रात दोघीच होतो. मी दार लावून घेतलं.

"अफुआ, इथं कुणी नाही. नीट घे गं तिला. जरा लाड कर."

ती खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "मॅडम, दार लावलं म्हणून कुणी ऐकत नाही असं नसतं." आणि मोठ्याने, "तुमचं पोर, तुम्ही करा लाड."

म्हणून मग मी केले. दुसरा इलाज नव्हता. अफुआ शेतावर जाताना सुमिनाला माझ्याकडे टाकून जायची. मी तिला पाठीशी बांधायला शिकले, तेल लावून अंघोळ घालायला लागले. आमच्याकडची अंघोळ, पायांवर पालथं घालून, नाकडोळे चेपून. बायका कुंपणापाशी जमून तोंडात बोटं घालून बघायच्या. अफुआही यायची आणि जरा लांब उभी राहायची. "मारून टाकाल तिला," म्हणायची. पण अंघोळ संपेपर्यंत हलायची नाही. मी गाणी म्हणायचे, सुमिना हुंकार द्यायची. खालचे दोन दात आले, ते पहिल्यांदा माझ्या बोटाला लागले. मी धावत अफुआकडे गेले आणि अर्ध्या रस्त्यात भान आलं की ही बातमी आनंदाने सांगायची नाही.

"तुझ्या गिऱ्हाइकाला दात आलेत," मी रुक्षपणे म्हणाले.

"आता चावेल मेली," ती म्हणाली आणि वळून पाटा-वरवंट्यावर मिरची वाटायला बसली. मिरची कधीच वाटून झाली होती.

एकदा मात्र मी तिला बघितलं. ओढ्यावर गेले होते, वाट वळली आणि समोर अफुआ पाण्यात पाय सोडून बसलेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने सुमिनाला उचलून घेतलं होतं आणि तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसून नुसती श्वास घेत होती. बोलत नव्हती, मुका घेत नव्हती. भुकेल्या माणसाने ताटातला वास घ्यावा तशी, पुन्हा पुन्हा. तोंडातून शब्द काढला तर कुणी ऐकेल. वासाला आवाज नसतो. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. माझ्या मनातली ती आयांची "सवय" का काय ती त्या ओढ्यात वाहून गेली. तिथून पुढे मी कधी अफुआला लाड कर म्हणाले नाही.

मग हरमटान सुरू झाला. हरमटान म्हणजे वाळवंटाकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. ओठ फुटतात, सूर्य धुरकट दिसतो, पोरं खोकायला लागतात. सुमिनाही खोकायला लागली. आधी साधंच, मग ताप, मग छाती भात्यासारखी उडायला लागली. केंद्रात होती ती सगळी औषधं दिली. तिसऱ्या प्रहरी कम्फर्ट मला म्हणाली, "गाडी सांगितली आहे. जिल्ह्याला नेऊ." तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

गाडीत सुमिना माझ्या मांडीवर, अफुआ समोर. तिच्या हातात बाळाला गुंडाळायचा कपडा. सगळा रस्ता ती त्याची घडी घालत होती आणि मोडत होती.

रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते, भले होते. धावपळ करून त्यांनी ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. हातातलं काही त्यांनी शिल्लक ठेवलं नाही. मग विचारलं, "आई कोण?"

अफुआ माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "ह्या. मी नुसती दूध पाजते."

डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या. ते तिकडचेच होते. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मला म्हणाले, "मदर, हिला उभी धरून बसा. श्वासाला बरं पडेल."

मी धरून बसले. पहाटेपर्यंत, आणि मग दुसरा सगळा दिवस. अफुआ खाटेच्या पायथ्याशी उभी. बस म्हटलं तर बसेना. दुपार कलली आणि माझ्या हाताला कळलं. बालविभागात इतकी वर्षं काढल्यावर यंत्राच्या आधी हाताला कळतं. मी अफुआला म्हणाले, "आता तरी घे तिला. अफुआ, घे गं. वेळ नाही."

तिचे हात पुढे आले. खरंच आले. मग तिने ते मागे घेतले आणि कपड्यात घट्ट गुंडाळले.

"तुमची आहे," ती म्हणाली. "अजून श्वास आहे. मी घेतली तर..."

तिला वाटत होतं, अजूनही फसेल मरण. शेवटच्या श्वासापर्यंत ती त्याला सांगत होती की हे माझं नाही. सुमिना माझ्या खांद्यावर गेली.

बऱ्याच वेळाने अफुआ म्हणाली, "डोळे मिटा तिचे. तुम्हीच मिटायचे." आणि हातातला कपडा माझ्याकडे दिला. त्याची घडी नीट घातलेली होती.

गावी पोचल्यावर नाना आणि दोन म्हाताऱ्यांनी बाळ नेलं, कुठे ते विचारायचं नसतं. मी अंगावरच्या कपड्यांनिशी पडले. सकाळी दार वाजलं. उघडलं तर अंगणात बायका उभ्या होत्या, काळी-तांबडी वस्त्रं नेसून. नाना सगळ्यांच्या पुढे. तिने मला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसली, घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखी. बायका एकेक करून पुढे यायला लागल्या. माझा हात हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "दुए, सुमिना मामे. दुए." तिकडे दुखवट्याला एवढाच शब्द बोलतात.

मी कम्फर्टला बाजूला ओढलं. "ह्या माझ्याकडे कशाला आल्यात? अफुआकडे जायला सांग ना! तिचं पोर गेलंय!"

"हळू बोल," कम्फर्ट म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "अफुआकडे कुणी जाऊ शकत नाही. तिचं कुठे काय गेलंय? ती आज रडली तर सगळं उघड होईल, आम्ही खोटं बोललो होतो हे मरणाला कळेल. मग पुढचंही ते ठेवणार नाही. ती अजून तरुण आहे, प्रमिला. तिला पुढचं हवंय."

"म्हणजे तिने रडायचंच नाही?"

"तिने नाही. तू."

मी परत बाकावर येऊन बसले. मला रडू येत नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या मेट्रनने बजावलं होतं, पोर गेलं की रडायचा हक्क आईचा, आपण पाणी द्यायचं आणि कागद पुरे करायचे. मी जन्मभर तेच करत आले होते. बायका येत होत्या, दुए म्हणत होत्या, मी मान हलवत होते. नानाची बोटं माझ्या मनगटावर अधूनमधून आवळत होती.

सगळ्यांत शेवटी अफुआ आली.

तीही इतरांसारखीच काळं नेसली होती. डोळे कोरडे ठणठणीत. ती वाकली, माझा हात हातात घेतला आणि परक्या बाईसारखी म्हणाली, "दुए, मॅडम. तुमची लेक गेली, असं ऐकलं."

तिकडे रीत असते, दुखवट्याला आलेला माणूस घरच्यांना विचारतो, काय झालं, आणि घरच्यांनी सगळं सांगायचं. अफुआ माझ्यासमोर जमिनीवर बसली. माझा हात सोडला नाही.

"कशी होती तुमची लेक?" तिने विचारलं.

नाना माझ्या कानाशी म्हणाली, "सांग तिला."

मी सांगायला लागले. मोडक्यातोडक्या बोलीत, अडेल तिथे इंग्रजीत, तेही अडलं की मराठीत. म्हणाले, डोळे मोठे होते तिचे. गालाला खळी पडायची.

"कुठल्या गालाला?"

"डाव्या."

"हं," ती म्हणाली. "आणखी?"

"पोट भरलं की पायाचा अंगठा धरून बसायची."

"आणखी सांगा."

"अंघोळ घालताना हुंकार द्यायची. दोन दात आले होते. माझ्या बोटाला चावायची."

"दुखायचं?"

"नाही गं. कुठलं दुखतंय."

"देखणी होती?" अफुआने विचारलं. आठ महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा आला. पण प्रश्न होता तो. दुसऱ्याच्या मुलीबद्दल विचारायला कुणाची ना नसते.

"फार देखणी होती," मी म्हणाले. "तुझ्या ह्या अख्ख्या गावात तशी नाही. आमच्या सांगलीत नाही. तिच्या मानेचा वास..." आणि तिथे माझा बांध फुटला. मेट्रन, नर्सिंग, सगळं गेलं. मी मोठ्याने रडायला लागले, आमच्याकडच्या बायका गळा काढतात तशी, आई गं, बाई गं करत, ऊर बडवत. अफुआ माझ्याकडे टक लावून बघत होती, ओठ घट्ट मिटून. माझा हुंदका जरा ओसरला की तिची बोटं माझ्या हातात रुतायची आणि मी पुन्हा रडायचे. मला कळत होतं ती काय मागतेय. मी दोघींचं रडत होते.

मग मी बघितलं, तिच्या छातीवरचं काळं वस्त्र भिजायला लागलं होतं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. रडण्याच्या आवाजाला दूध येतं बाईला, ते तिला आवरत नव्हतं. ती हलली नाही. अंगणातल्या बायकांनी एकेक करून माना दुसरीकडे वळवल्या. अफुआचे डोळे पहिल्यांदाच भ्यालेले दिसले.

मी बाकावरून खाली घसरले आणि तिच्या गळ्यात पडले.

"बघा, बघा, आई कोसळली!" नाना मोठ्याने म्हणाली, अगदी रस्त्यापर्यंत, रानापर्यंत ऐकू जाईल असं. "धर गं अफुआ, नीट धर तिला. परदेशी बाई आहे, तिचं इथं दुसरं कुणी नाही. रडू दे तिला पोटभर. तोवर सोडू नकोस."

अफुआने मला धरलं. बाळाला धरतात तसं, एक हात डोक्यामागे आणि एक पाठीवर. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. तिचा आवाज काही आला नाही. नुसतं अंग हलत होतं आणि ते माझंच रडणं आहे असं बघणाऱ्याला वाटलं असतं. माझा सुती झंपर तिच्या दुधाने कातडीपर्यंत भिजला. बायका उन्हात उभ्या होत्या. कुणी घाई केली नाही.